लग्नाबद्दलच्या आपल्या समजुतींची खिल्ली उडवणारा एखादा सिटकॉमचा भाग सुचवाल का?

'साइनफेल्ड' या अमेरिकी सिटकॉमच्या सातव्या सीझनचा पहिलाच भाग बघा, 'द एंगेजमेंट', 1995 चा. जेरी आणि जॉर्ज हे दोघे मित्र ठरवतात की पोरकटपणा पुरे, आता मोठं व्हायचं. जॉर्ज तिरीमिरीत जाऊन आपल्या जुन्या मैत्रिणीला, सुझनला, लग्नाची मागणी घालतो. जेरीला मात्र शेजारचा क्रेमर पटवतो की संसार म्हणजे तुरुंग, जेवताना टीव्हीसुद्धा बघता येत नाही! आणि जेरीचं त्याच्या मैत्रिणीशी कशावरून बिनसतं? तर ती मटारचे दाणे एकेक करून खाते म्हणून. (आपल्याकडच्या कांदेपोह्यांतली नकारांची कारणं तरी कुठे वेगळी असतात?) जॉर्ज बिचारा एकटाच अडकतो. लग्नाला घाबरणाऱ्यांना हसता हसता हा भाग लग्नालाही सोडत नाही, म्हणून मला आवडतो.