चुकून गहू पोटात गेला, आता काय?

या वेळची पत्रं जवळजवळ सगळी सिलिअॅकबद्दलची आहेत. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. पथ्य माहीत नाही असं कुणाचंच नाही. पथ्य पाळूनही गहू पोटात कसा जातो आणि गेल्यावर काय करायचं, एवढंच सगळ्यांना विचारायचं आहे.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून गहू बंद आहे. वाढदिवसाच्या पार्टीत तिनं अर्धा सामोसा खाल्ला. दीड तासानं उलट्या, मग पोट फुगलं, दोन दिवस नुसती झोपून. उलटी करवून तो लगेच बाहेर काढायला हवा होता का? पुन्हा असं झालं तर काय करू? (पुणे)

उलटी मुद्दाम करवू नका. घशाला इजा होते, पाणी कमी होतं आणि सगळं ग्लूटेन बाहेर पडेल याची खात्री नसतेच. त्यावर उताराही नाही. कोळशाच्या गोळ्या, एरंडेल, लिंबू-सोडा यांनी काही साधत नाही. आतड्याची प्रतिक्रिया एकदा सुरू झाली की ती ओसरेपर्यंत मुलीला सांभाळणं एवढंच हातात असतं. खाल्ल्यावर एक-दोन तासांत मळमळ-उलटी, नंतर पोटदुखी, फुगणं, जुलाब, डोकं जड होणं, गळून जाणं हा नेहमीचा क्रम आहे. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत उतार पडतो, थकवा मात्र आठवडाभर रेंगाळू शकतो.

उलटी झाल्यावर १०-१५ मिनिटं काही देऊ नका. मग ओआरएस चमच्याचमच्यानं सुरू करा, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. पावडरीचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात ढवळलं की मिठाचं प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, मापून. पोटात टिकायला लागलं की तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचं वरण, केळं, उकडलेला बटाटा. दूध दोन-चार दिवस कमी ठेवा. दुधातली साखर पचवणारं द्रव्य आतड्याच्या वरच्याच थरात तयार होतं आणि मार आधी त्याच थराला बसतो. ताजं ताक बहुतेकांना सोसतं.

आणि इथेच एक गंमत होते, म्हणजे गंमत म्हणवत नाही अशी. पोट फुगलं म्हणून आजी प्रेमानं हिंग घातलेलं ताक देते किंवा हिंगाष्टक चाटवते. बाजारातल्या डबीतल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं, म्हणजे औषध म्हणून पुन्हा गहूच. बेंबीभोवती हिंग लावायला हरकत नाही, पोटात नको.

दुखण्यासाठी वजनाच्या मापानं पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन टाळा, ते पोटाला बोचतं. जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मुलांना स्वतःहून देऊ नका. आठ तास लघवी नाही, पाण्याचा घोटही टिकत नाही, मूल सुस्त पडलंय, शौचात रक्त, ताप किंवा सतत वाढत जाणारी पोटदुखी, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. खाल्ल्यावर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर तो सिलिअॅक नव्हे. ती गव्हाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा घरी थांबायचंच नाही, १०८ ला फोन करा.

उतार पडल्यावर आधीच्या २४ तासांत काय काय खाल्लं, कुणाच्या हातचं, कुठल्या पाकिटातलं, ते एका कागदावर लिहून ठेवा. सामोशाचं उघड आहे, त्यात मैदा. पण पुढच्या वेळी कारण इतकं उघड नसेल, तेव्हा हाच कागद उपयोगी पडेल.

प्रश्न : दीड वर्ष फक्त ज्वारीची भाकरी आणि भात खातोय. पोळी-पावाला हात लावलेला नाही. तरी टीटीजीचा (सिलिअॅकच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट वाढलेलाच. हिमोग्लोबिनही चढत नाही. डॉक्टर म्हणतात, कुठूनतरी ग्लूटेन जातंय. कुठून? (सोलापूर)

बहुधा गिरणीतून. ज्वारीचा डबा गिरणीवर ठेवताना तुमच्या आधी कोणाचं दळण होतं, हे तुम्ही कधी विचारलंय का? गिरणीत दिवसभर मुख्यतः गहूच दळला जातो. पाळ्यांच्या खाचांत, नळीत आणि पिठाच्या कापडी पिशवीत आधीचं पीठ अडकून राहतं आणि पुढच्या दळणाबरोबर उतरतं.

हिशेब करून बघू. ५ किलो ज्वारीत आधीचं फक्त ५० ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं असं धरा, म्हणजे मूठभर. गव्हाच्या पिठात साधारण ९ टक्के ग्लूटेन असतं, म्हणजे त्या ५० ग्रॅममध्ये साडेचार ग्रॅम. किलोमागे ते जवळपास ९०० मिलिग्रॅम झालं. भारतात ज्या पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहायची परवानगी आहे, त्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे पन्नासेक मिलिग्रॅम ग्लूटेन. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने खाल्लं तर आतड्याला इजा होते, हे अभ्यासात दिसलेलं आहे. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं मानतात. तुम्ही दिवसाला तीन भाकऱ्या खात असाल तर हिशेब तुम्हीच करा.

पहिलं किलोभर पीठ बाजूला काढून उरलेलं घेणं, हा उपाय पुष्कळ जण करतात. त्यानं भेसळ कमी होते, पण किती कमी ते कळायला मार्ग नाही. खात्रीचे रस्ते दोनच आहेत. एक, घरगुती आटाचक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका, पाहुणे आले तरी. जुनी, गहू दळलेली चक्की नको. दोन, प्रमाणित ग्लूटेनमुक्त पीठ विकत घ्या. थोडं पीठ लागत असेल तर स्वतंत्र भांड्यात मिक्सरवरही निघतं. जरा भरड येतं, पण उकड काढून थापलं तर भाकरी जमते.

दळणाच्या आधी धान्य बघा. सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच, कारण दुकानातली पोती, मापं आणि सुपं सगळ्यांना एकच. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन साडेतीन-चार मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत पाच-सहा दाणे राहिले की २० मिलिग्रॅमची मर्यादा संपली. उजेडात, पांढऱ्या ताटात, थोडी थोडी ज्वारी पसरून निवडा. लांबट आणि मधे खाच असलेला दाणा गव्हाचा. निवडून झाल्यावर धुवा आणि वाळवा. वाळवायची चादर किंवा पत्रा गव्हाचा नको.

मग घर. सगळ्यात मोठी गुन्हेगार चाळणी. जाळीच्या कडेला, चौकटीच्या फटीत गव्हाचं पीठ वर्षानुवर्षं बसलेलं असतं आणि धुऊन निघत नाही. नवी चाळणी घ्या आणि तिला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घाईत हाताला चुकीची येणार नाही. लाकडी काटवट आणि पोळपाट-लाटणंही वेगळं हवं, कारण लाकडाच्या भेगांत पीठ राहतं. स्टीलची परात, पातेली, ताटं मात्र साबणानं नीट घासली की पुरे. सगळी भांडी दुहेरी करत बसायची गरज नाही. ज्या तव्यावर पिठी लावून पोळ्या भाजल्या जातात तो भाकरीला नको. घरात इतरांसाठी कणीक मळायची असेल तर तुमचा स्वयंपाक आधी उरका. चाळलेलं पीठ हवेत तरंगतं आणि उघड्या भाजीत बसतं. तुपाच्या, लोण्याच्या, चटणीच्या बरणीतला चमचा पोळीला लागून परत बरणीत जातोय का, तेही पाहा.

हिंगाची डबी उलटून घटक वाचा. बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ यांचं मिश्रण. पीठ गव्हाचं असेल तर डबी बाद, तांदळाचं असेल आणि ग्लूटेनमुक्त लिहिलेलं असेल तर घ्या. एका फोडणीतल्या चिमटीभर हिंगानं माणशी एक-दोन मिलिग्रॅमच जात असेल. पण फोडणी वरणाला, भाजीला, कोशिंबिरीला, आणि वर पापड-लोणचं. मेतकुटात परंपरेनं गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीतही. विकतच्या दोन्ही बंद करा, घरी गहू वगळून करा, आणि धान्य भाजायची कढई-झारा स्वच्छ घासून घ्या.

हे सगळं एकदम बदला, एकेक करून नको. तीन ते सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करा. आकडा हळूहळूच उतरतो, काहींना पूर्ण खाली यायला दोन वर्षंही लागतात. बघायचं ते इतकंच की उतरतोय का. सहा महिन्यांत अजिबात हलला नाही तर पोटविकारतज्ज्ञांना भेटा. दुसरी कारणंही असू शकतात.

प्रश्न : परवा चुकून पाव खाल्ला. लगेच टीटीजी करू का? आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ग्लूटेन पचवणाऱ्या गोळ्या घेऊन अधूनमधून बाहेर खाल्लं तर? (ठाणे)

तपासणीचे पैसे वाचवा. टीटीजी प्रतिपिंडं मोजते आणि ती एका पावानं सहसा हलत नाहीत. सतत आठवडे-महिने ग्लूटेन जात असेल तर वाढतात. उलट बाजूही लक्षात ठेवा, टीटीजी नॉर्मल आलं म्हणजे किरकोळ ग्लूटेन अजिबात जात नाही असं नाही. ठरलेली सहामाही किंवा वार्षिक तपासणी पुरेशी आहे.

गोळ्यांतली एन्झाइम्स पोटात ग्लूटेनचा काही भाग तोडतात, सगळा नाही. सिलिअॅकमध्ये त्यांच्या भरवशावर पाव खाणं म्हणजे फाटक्या छत्रीखाली आषाढातल्या पावसात निघणं. एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. त्यातलं नव्वद टक्के तुटलं असं धरलं तरी अडीचशे मिलिग्रॅम उरतं.

प्रश्न : खपली गहू चालतो असं सगळे सांगतात. सातूचं पीठ? (सातारा)

दोन्ही नाही. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन भरपूर असतं. कुणाला पचायला हलका वाटत असेल, पण त्याचा सिलिअॅकशी संबंध नाही. त्याची खीरही नको. सातू म्हणजे जव, आणि आपल्याकडच्या सातूच्या पिठात बहुधा गहूही असतो. याच रांगेत रवा, दलिया, शेवया, गव्हाची कुरडई आणि मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी (माल्ट म्हणजे जवच). सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हातात घ्या, कपाळाला लावा, शेजारच्याला द्या आणि हात धुवा. देव रागावत नाही.

प्रश्न : कोकणात-गोव्यात फिरायला जातोय. मासे खाता येतील ना? (नाशिक)

येतील, पण तळलेले बघून. सुरमई, बांगडा, बोंबील हॉटेलात सर्रास रव्यात घोळवून तळतात. रवा नको, तांदळाचं पीठ लावा, एवढं सांगून भागत नाही. त्याच तव्यावर, त्याच तेलात आधी पन्नास तुकड्या रव्याच्या तळलेल्या असतात, आणि तेल कितीही तापलं तरी ग्लूटेन नष्ट होत नाही. स्वच्छ तवा आणि ताजं तेल मिळणार असेल तरच घ्या. गर्दीच्या वेळी नाही मिळणार. माशाचं कालवण किंवा हुमण आणि भात हा सगळ्यात बिनधोक पर्याय: नारळ, मिरची, कोकम, तिरफळ, पिठाचं काम नाही. मसाला घरचा की विकतचा, एवढं विचारा. कोंबडी-वड्यांच्या पिठात काही ठिकाणी गहू असतो. घावन तांदळाचे, पण तवा बघा. गोव्यातली पोई गव्हाचीच. बिअर जवाची, फेणी काजूची.

प्रश्न : मुलाची पहिली कम्युनियन आहे, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी. भाकरीचा इतकुसा पापुद्रा, तेवढ्यानं काय होणार? (वसई)

तो पापुद्रा गव्हाचाच असतो आणि दर रविवारी जातो, म्हणून चालणार नाही. पूर्ण ग्लूटेनविरहित भाकर कॅथलिक चर्चला मान्य नाही. कमी ग्लूटेनची मान्य आहे, व्हॅटिकननं २०१७ च्या पत्रात ते पुन्हा स्पष्ट केलं. ती मिळाली तर तिच्यातलं प्रमाण विचारा. किलोमागे १०० मिलिग्रॅम असलं तरी पाव ग्रॅमच्या पापुद्र्यात ते ०.०२५ मिलिग्रॅम होतं, म्हणजे नगण्य. ती वेगळ्या डबीत ठेवायला आणि फादरांनी इतर भाकरींना हात लावण्याआधी द्यायला सांगा. दुसरा मार्ग फक्त द्राक्षारसाचा. पण मिस्सेत मुख्य प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकतात, म्हणून मुलासाठी प्याला वेगळा हवा. फादरांशी आधीच्या आठवड्यातच बोलून ठेवा, वेदीसमोर रांगेत उभं राहून हे सांगता येत नाही.