‘हजेरीचं आपण बघून घेऊ’

प्रश्न : शहादा तालुक्यात माझी इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहे, नर्सरी ते आठवी. गावात जिल्हा परिषदेची शाळा असूनही चार-पाच गावांची पोरं आमच्या गाडीत बसून येतात. दोन गाड्या होत्या, यंदा तिसरी घेतली. मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली. तिने बी.एड. करून शाळा हातात घ्यावी अशी इच्छा आहे. कॉलेज बघून ठेवलंय. हजेरीचं आपण बघून घेऊ, म्हणजे ती शाळेतही बसेल. पण तिला म्हणे शिक्षणाच्या धोरणावर संशोधन करायचंय, त्यासाठी बाहेर जाऊन एम.ए. करायचंय. आंध्रातला कुठलासा अभ्यास वाचला आणि मलाच सांगते की खासगी शाळेत पोरं काही जास्त शिकत नाहीत, सगळी फसवणूक आहे. पालक पैसे मोजून येतात ते काय वेडे आहेत? शिक्षण हक्क कायद्याने राखलेल्या 25 टक्के जागांच्या फीची प्रतिपूर्तीसुद्धा सरकार वेळेवर देत नाही. त्यापेक्षा शिक्षणाचा पैसा थेट पालकांच्या हातात द्यावा, मग कळेल कोणाची शाळा चालते. तुम्ही तिला समजवा. शाळा उभी केली ती कोणासाठी?
– एक संस्थाचालक (गावात नाना म्हणतात)

उत्तर :

नाना, तुमचं पत्र वाचताना मी ‘हजेरीचं आपण बघून घेऊ’ या वाक्याशी थांबलो. बी.एड. की एम.ए. हे त्यानंतर.

हे वाक्य मला नवीन नाही, पालकांच्या पत्रांत ते अधूनमधून येतंच. पण शाळा चालवणाऱ्या माणसाने ते स्वतःच्या मुलीसाठी लिहावं, हे पचायला जड गेलं. बी.एड. दोन वर्षांचं असतं. त्यातली खरी कमाई म्हणजे परक्या शाळेत जाऊन घेतलेले सराव पाठ, रात्री बसून काढलेली पाठांची टाचणं आणि मागच्या बाकावर बसून आपल्या चुका टिपणारे प्राध्यापक. एवढं वजा केलं की हातात कागद राहतो. असा कागद घेऊन उद्या कोणी तुमच्याकडे नोकरी मागायला आलं, तर पहिलीचा वर्ग त्याच्या हवाली कराल? (केलाही असेल. तेवढ्या पगारात दुसरं कोण मिळतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खोटं नाही.) पण मुलीला तुम्ही शाळेची सूत्रं देताय. तिची पहिलीच पायरी खोट्या हजेरीची असेल, तर उद्या शिक्षकांचा मस्टर ती कोणत्या तोंडाने तपासणार?

दुसरी गोष्ट. पत्रात तिसऱ्या गाडीचीही बातमी आहे. मुलीला किती टक्के पडले, कोणता विषय तिला आवडला, ती आणखी काय वाचते, यातलं काहीच नाही. बी.ए. झाली आणि माझं ऐकत नाही, एवढीच तिची ओळख. मला मात्र दुसरंच दिसलं. गाईड पाठ करून अर्थशास्त्राची पदवी घेणाऱ्यांच्या गर्दीत एका मुलीने शहाद्यात बसून इंग्रजीतला संशोधन-निबंध मिळवला, वाचला, आणि ज्याचं पोट त्याच धंद्यावर आहे अशा वडिलांशी त्यावरून वाद घातला. माझ्याकडे वर्षभरात येणाऱ्या पत्रांत अशी मुलं फार नसतात. तुम्ही मात्र ती तक्रार म्हणून लिहून पाठवली आहे.

आणि ‘शाळा उभी केली ती कोणासाठी’ याचं उत्तर गॅदरिंगच्या भाषणात ‘परिसरातल्या गोरगरिबांच्या लेकरांसाठी’ असंच देत असणार. मुलगी बाहेर जायचं म्हणाली की ते उत्तर बदलतं का? मुलाने पुण्याला जायचा हट्ट धरला असता तर हे पत्र आलं असतं का, हेही जरा स्वतःला विचारा. मला कळवलं नाही तरी चालेल.

आता ‘पालक काय वेडे आहेत?’ वेडे मुळीच नाहीत. पण पालक पैसे मोजतात म्हणजे शाळेत शिकवणं चांगलं, हा समज चुकीचा आहे, आणि संस्थाचालकांमध्ये तो फार पक्का असतो. पालकाला दिसतं काय? गाडी वेळेवर येते, टाय-बूट आहेत, डायरीत रोज काहीतरी लिहून येतं, बाई गैरहजर नसतात. याला किंमत आहे आणि ती तो मोजतो. आपलं पोरगं दुसरीत अडखळत का वाचतं, हे मात्र त्याला दिसत नाही, कारण पुस्तक इंग्रजीत आणि घरात ते वाचणारं कोणी नाही. दुसरं असं की तुमच्या गाडीत कोण बसतं? पपई-केळीवाल्या बागायतदाराचं पोर. दिवाळीनंतर आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाणारं पोर झेडपीच्या पटावर असतं. मग वार्षिक परीक्षेचे गुण शेजारी शेजारी ठेवून तुम्ही म्हणता, बघा फरक. त्या फरकातला घराचा वाटा किती आणि तुमच्या शाळेचा किती? हे वेगळं काढण्यासाठीच ही सगळी संशोधनं होतात.

तुमच्या मुलीने वाचलेला अभ्यास बहुधा कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा असावा, 2015 साली प्रसिद्ध झालेला. 2008 मध्ये, तेव्हाच्या एकसंध आंध्र प्रदेशातल्या 180 गावांत तो सुरू झाला. सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांना विचारलं : खासगी शाळेची फी आम्ही भरतो, पाठवता का? हो म्हणणाऱ्यांची नावं चिठ्ठीत. चिठ्ठी निघाली त्यांची फी भरली, ज्यांची निघाली नाही ती मुलं बहुतेक जिथे होती तिथेच राहिली. यातली मेख अशी की दोन्हीकडचे पालक सारखेच हौशी, दोन्हीकडे खासगीची ओढ, म्हणून पुढे जो फरक पडेल तो शाळेचा. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखेच निघाले. जी मुलं सरकारी शाळेत मागे राहिली त्यांचंही नुकसान झालेलं दिसलं नाही.

इथवर तुमची मुलगी बरोबर आहे. पण ‘फसवणूक’ हा शब्द तिचा आहे, संशोधकांचा नाही, आणि हे तिलाही ऐकवा. त्याच अभ्यासात खासगी शाळा तेलुगू-गणिताला कमी तास देत होत्या आणि उरलेले तास इंग्रजी, हिंदी अशा विषयांना. हिंदीत त्यांची मुलं चांगलीच पुढे गेली (सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी नव्हतीच). त्यांचे शिक्षक कमी शिकलेले आणि फार कमी पगाराचे, तरी वर्गात जास्त हजर. एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. म्हणजे कमी तासांत आणि कमी पैशांत तेवढंच तेलुगू-गणित. खासगी शाळांच्या बाजूचे लोक या कमी खर्चावर बोट ठेवतात, विरोधक दोन्ही गट सारखेच निघाले यावर. दोघेही खोटं बोलत नसतात. हे भांडण समजून घ्यायचं तर निबंध पूर्ण वाचावा लागतो, मथळा वाचून भागत नाही.

त्या निबंधातली एक गोष्ट तुम्हाला जास्त लागू आहे. माध्यमाच्या बाबतीत पुरावा तितका पक्का नसला तरी त्याचा कल असा दिसला, की तेलुगू माध्यमाच्या खासगी शाळेत गेलेली मुलं बरी राहिली आणि जिथे माध्यम बदलून इंग्रजी झालं तिथे मागे पडली. तुमच्या शाळेत वरच्या पाड्यांवरून येणारी पावरा आदिवासी मुलं असतील. घरात पावरी, बाजारात अहिराणी किंवा गुजरी, फळ्याबाहेरचं बोलणं मराठीत आणि पुस्तक इंग्रजी. त्या पोराला पहिलीत नेमकं काय कळतं, हे तुम्ही कधी तपासलंय का?

‘पैसा पालकांच्या हातात द्या’ ही कल्पना मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने 1955 मध्ये मांडली, आणि बऱ्याच देशांनी करून पाहिली. चिलीने 1981 पासून देशभर. तिथे खासगी शाळांचा वाटा साधारण 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला, पण देशाची सरासरी गुणवत्ता वाढल्याचा पुरावा संशोधकांना सापडला नाही. बऱ्या घरची मुलं एकीकडे आणि उरलेली दुसरीकडे, अशी वाटणी मात्र वाढली. अखेर 2015 च्या कायद्याने त्यांना अनुदानित शाळांतली निवड, वरची फी आणि नफा बंद करण्याकडे वळावं लागलं. कोलंबियात चिठ्ठीने मदत मिळालेल्या मुलांचा फायदा झाला. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात अशी मदत घेऊन गेलेली मुलं गणितात चक्क मागे गेली. तिथे योजनेत उतरलेल्या शाळा बऱ्याचशा अशा होत्या, की ज्यांचा पट आधीपासूनच घसरत होता. आपल्याकडेही असं काही आलं तर अर्ज घेऊन रांगेत पहिलं कोण उभं राहील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

खरं तर आपल्याकडे याची छोटी रूपं आहेतच. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागा, ज्यांत गरीब घरच्या मुलांची फी सरकार भरतं, ही एक. तुमच्याच जिल्ह्यातून आदिवासी विकास विभाग मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवतो आणि फी सरकार भरतं, ही दुसरी. प्रतिपूर्ती थकते, हे तुमचं दुखणं खरं आहे. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. त्या वर्षी 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण जे सरकार चौथ्या हिश्श्याचे पैसे वेळेवर देत नाही, त्याने उद्या सगळ्या पालकांना द्यावेत आणि ते तुमच्यापर्यंत वेळेत पोचावेत, ही आशा तुम्ही कशाच्या जोरावर धरता?

आता करिअरचं. बी.एड.ची सीईटी तुम्हाला माहीत आहे. मुख्याध्यापक व्हायचं तर बी.एड. हवं, संशोधनाला नको. तिच्यासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अझीम प्रेमजी विद्यापीठ, पुण्याची गोखले संस्था अशी दारं आहेत. सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज अलीकडे नव्या वर्षाच्या आसपास निघतात. अझीम प्रेमजी स्वतःची परीक्षा आणि मुलाखत घेतं आणि घरच्या उत्पन्नानुसार फीत सवलत देतं. तुमच्या तीन गाड्या बघता ती किती मिळेल ते सांगत नाही.

तिची अडचण वेगळीच असेल. आपल्याकडच्या बी.ए. अर्थशास्त्रात गणित आणि सांख्यिकी पातळ असते, आणि या क्षेत्रात सगळा खेळ तिथेच आहे. सरासरी, प्रमाण विचलन, नमुना निवड, समाश्रयण (रिग्रेशन) हे तिला हातचं झालं पाहिजे. नसेल तर प्रवेशाआधी घरी बसून करावं लागेल. पहिल्या नोकऱ्या बहुधा सर्वेक्षणाच्या, कंत्राटी, गावोगाव फिरण्याच्या. पगार तुमच्या अपेक्षेहून कमी. तिथे तिची जमेची बाजू अशी, की ‘मना पोऱ्या वाचस का?’ असं विचारणाऱ्या आईशी ती दुभाष्याशिवाय बोलू शकते. दिल्ली-मुंबईहून आलेल्या संशोधकांना हे जमत नाही.

एम.ए.पर्यंत वेळ आहे, तोवर तिला तुमच्या शाळेतच एक काम करू द्या. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे देशभर पाहणाऱ्या ‘असर’ अहवालासाठी वापरतात ती वाचनाची चाचणी सहज मिळते : अक्षर, शब्द, साधा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, गणितात अंक ओळखणं, वजाबाकी, भागाकार. एका मुलाला थोडी मिनिटं पुरतात. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाची मराठीत आणि इंग्रजीत, जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये पुन्हा घ्यावी. झेडपीच्या शाळेशी तुलना करू नये. ती का करू नये हे वर आलंच आहे. तीच मुलं नऊ महिन्यांत किती पुढे सरकली एवढंच पाहायचं. आकडे वाईट आले तर ते पालकसभेत सांगायचे की कपाटात ठेवायचे, हे तुम्ही ठरवा, शाळा तुमची आहे. पण तिला ते बदलायला सांगू नका.

तिला मी समजवणार नाही. तिला स्वतःच्या हाताने पत्र लिहू द्या. सोबत तिन्ही वर्षांचे गुण, सांख्यिकीचा पेपर होता की नाही ते, आणि त्या निबंधातला जो तक्ता कळला नाही तो. आणि शाळेला बी.एड. झालेला मुख्याध्यापक हवाच असेल तर पेपरात जाहिरात द्या, पगार जरा बरा लिहा.