ड्रोनचा बोर्ड राहू द्या, आधी कार्डाचं स्टेटमेंट काढा

वाचकाचं पत्र: वय २७, नाशिकला नोकरी, महिन्याला हातात ४२ हजार, घरी आई आणि मी. स्वतः जोडलेल्या पाच इंची क्वाडवर (चार पंख्यांच्या ड्रोनवर) एफ४०५ चिपचा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे उड्डाण सांभाळणारा बोर्ड आहे. आपटल्यापासून मोटारी तापतात, व्हिडिओ थरथरतो. एच७४३ चिपचा बोर्ड साडेआठ हजारांना क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट' ईएमआयने घ्यावा का? लग्नाच्या शूटिंगमधून पैसे सुटतील. कार्डावर ८० हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) वेळेवर भरतो. बोनसचे ६० हजार पॉलिसीच्या चौथ्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेत.

उत्तर: नको. एफ४०५ चालतो १६८ मेगाहर्ट्झवर, एच७४३ चालतो ४८० वर, मान्य. पण बीटाफ्लाइटला, म्हणजे बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला, एफ४०५ आजही पुरतो. माझा भाचा याच नादातला, पत्र वाचून त्याने एवढंच विचारलं, "प्रॉप, म्हणजे पंखे, बदलले का?" बोर्डाखालचे रबरी ग्रोमेट (थरथर शोषणाऱ्या चकत्या) फाटलेत का, बॅटरीच्या वायरीवरचा विजेचे झटके शोषणारा कपॅसिटर जागेवर आहे का, तेही बघा. काही शेकड्यांत भागेल.

मी अडलो ते 'पण वेळेवर भरतो'पाशी. ८० हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे २,८०० व्याज, वर जीएसटी, झाले ३,३००. मिनिमम ड्यू म्हणून तुम्ही भरता ४,०००. मुद्दल फिटतं ७००! शिवाय बाकी असेतो त्याच कार्डावर भरलेल्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज.

आणि पॉलिसी? 'एफडीसारखीच आहे' म्हणून बँकेत गळ्यात मारलेली एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र), २० वर्षांची, कव्हर सहा लाख. तुमच्या माघारी सहा लाखांत आईची किती वर्षं निघतील? परतावा पाच टक्के मिळाला तरी नशीब. तिकडे वर्षाला पाच टक्के मिळवायला इकडे कार्डावर ४२ टक्के मोजताय.

चौथा हप्ता भरू नका. तीन भरलेत, तर पेड-अप केल्यास (हप्ते थांबवून पॉलिसी कमी कव्हरवर चालू ठेवल्यास) काय आणि सरेंडर केल्यास (बंद करून पैसे घेतल्यास) काय मिळेल, दोन्ही आकडे लेखी मागवा. पण आधी एक कोटीची टर्म पॉलिसी (बचत नसलेला निव्वळ विमा) हातात घ्या. या वयात वर्षाला दहा-बारा हजार. हे ६० हजार सरळ कार्डावर टाका. उरलेले २० महिना पाच हजारांनी चार-पाच महिन्यांत संपतील.

लग्नाच्या कमाईचा आकडा शून्य धरा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे घरी जोडलेलं क्वाड हौसेपुरतं. या वजनाचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर तो टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) असलेला हवा आणि रिमोट पायलट प्रमाणपत्रही.

कार्ड शून्यावर आल्यावरही बोर्ड हवासा वाटला तर रोख घ्या. फक्त बोर्ड बसवायच्या छिद्रांमधलं अंतर मोजून, ३०.५ मिमी की २०. ईएससीच्या (मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डाच्या) प्लगमधला वायरींचा क्रमही जुळवून बघा, नाहीतर बॅटरी लावताक्षणी नवा बोर्ड जळेल.