कॉलेजचा फुटबॉल संघ सारखा हरतो आहे. गोलरक्षक बदलावा का?

पाच सामने हरलात, चौदा गोल खाल्लेत आणि आता गोलरक्षक बदलावा असे संघातल्या बहुतेकांचे मत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ते चौदा गोल कसे झाले, हे मात्र प्रश्नात कुठेच नाही, आणि मी उत्तर लिहायला बसलो तो त्यामुळेच.

मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयाचा गोलरक्षक होतो. तिसऱ्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकलो नाही. चांगले खेळाडू क्लबांकडे आणि गावोगावच्या बक्षिसाच्या स्पर्धांत, सरावाला उरलेले नऊ-दहा जण. गोव्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खरे दुखणे वेगळेच होते. कॉर्नरच्या वेळी, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू मारला जातो तेव्हा, जवळच्या (त्या कोपऱ्याकडच्या) खांबाशी माणूस ठेवायचा नाही, तो प्रतिहल्ल्यासाठी पुढे मोकळा सोडायचा, असा आमच्या क्रीडाशिक्षकांचा हट्ट होता. म्हापशाच्या सामन्यात पाऊस नुकताच उघडला होता आणि गोलसमोरच्या तांबड्या मातीचा चिखल झाला होता. तिन्ही गोल कॉर्नरवरून, तिन्ही जवळच्या खांबाला घासून आत गेले. तिसऱ्या वेळी माझी बोटे चेंडूला लागलीही होती, पण हातमोज्यावर चिखलाचा थर बसलेला असल्यामुळे तो सटकला. परतीच्या बसमध्ये सर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘आपल्या गोलात भोक आहे.’’ पुढच्या सामन्यात मला बाहेर बसवून पहिल्या वर्षाच्या मुलाला उभे केले. त्याने पाच खाल्ले, त्यांतले दोन त्याच खांबाकडून, आणि तरीही तिथे माणूस काही उभा राहिला नाही.

तेव्हा गोलरक्षक बदलू नका. 1984 साली गोव्याने एकही गोल न स्वीकारता संतोष चषक ही राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात होते, आणि त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. परंतु त्यांच्यापुढची बचावफळी जागा सोडून गेली असती तर त्यांनी तरी काय केले असते?

हंगाम वाया गेला म्हणून संघच मोडू नये. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला गोव्याचा धेंपो क्लब 2015 मध्ये आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल साखळी स्पर्धेतून, खाली उतरला आणि पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वर आला. (नंतर त्यांनी आय-लीगमधूनच अंग काढून घेतले, ती गोष्ट निराळी.)

न्यायाने सांगायचे तर त्या तीन गोलांपैकी एकाला मी पुढे यायला उशीर केला होता, आणि तुमचा गोलरक्षक सरावालाच येत नसेल तर मात्र खुशाल बदला. पण आधी एक सामना जवळच्या खांबाशी माणूस ठेवून खेळा आणि कॉर्नरवरून किती गोल झाले ते मला जरूर कळवा. सर अजून फोंड्याच्या बाजारात भेटतात.