गावभाग सोडून विश्रामबागेत: आईंचं मन रमेल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझे सासू-सासरे सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत राहतात. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, २०२१ मध्ये पुन्हा. आता ह्यांना घरून काम करायची मुभा मिळाली आहे, म्हणून आम्ही ठाणं सोडून सांगलीला येतोय आणि सगळ्यांसाठी विश्रामबाग या उपनगरात फ्लॅट बघतोय. सासरे तयार आहेत. सासूबाई मात्र म्हणतात, "तिकडं माझं कोण आहे?" उपनगरातलं राहणं कसं असतं, खरं सांगाल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: सासूबाईंचं म्हणणं आधी घेते, फ्लॅटचं नंतर बोलू. मी विष्णू घाटाजवळ वाढले. २००५ च्या पुरानंतर आम्ही विश्रामबागेत आलो, तेव्हा माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं.

गावभागात दार उघडलं की माणूस दिसतं. दळण टाकायला गेलं तरी दोघीतिघींशी बोलणं होतं, गणपतीचं दर्शन घेऊन परतताना हरभट रोडवर कुणीतरी हाक मारतंच. विश्रामबागेत हे आपोआप घडत नाही. रस्ते रुंद, झाडं चांगली, हवा मोकळी, पण दुपारी कॉलनीत चिटपाखरू नसतं. आमच्या सासूबाई पहिला पावसाळाभर गॅलरीत बसून येणारीजाणारी वाहनं बघायच्या आणि जेवण अर्धं टाकायच्या. मला फार वाईट वाटायचं.

मग आम्ही एक रिक्षावाला ठरवला. दर मंगळवारी तो त्यांना गावात न्यायचा. गणपतीचं दर्शन, जुन्या शेजारणीकडे चहा, दळणसुद्धा जुन्याच चक्कीत. पुढं पुढं त्याच शेजारणी आमच्याकडे यायला लागल्या, कारण पायऱ्या चढायला नकोत आणि बसायला ऐसपैस जागा. तुम्हीही असं काही पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. "सवय होईल हळूहळू" म्हणून आईंना एकटं सोडू नका, म्हातारपणी ती सवय होत नाही.

ठाण्याचा हिशेब मात्र इथे लावू नका. तिथे सकाळी सगळी गर्दी एकाच दिशेला धावते. विश्रामबाग सांगली आणि मिरज यांच्या मधोमध आहे, दोन्ही शहरांत जेमतेम दहा किलोमीटरचं अंतर. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, पण तिघांचा स्वभाव वेगळाच राहिला. दवाखान्याचं मोठं काम निघालं की आम्ही मिरजेला जातो. मिशन हॉस्पिटलच्या काळापासून तिथे कर्नाटकातूनही पेशंट येतात, सरकारी मेडिकल कॉलेजही तिथेच आहे. लुगडी, सोनं आणि नाटक यासाठी सांगली. सासऱ्यांना नाटकाची आवड असेल तर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे नाट्यमंदिरात जरूर घेऊन जा. शिकणाऱ्या मुलांना विलिंग्डन आणि वालचंद ही कॉलेजं इथेच आहेत. विश्रामबागेला रेल्वे स्टेशनही आहे, पण तिथे फार थोड्या गाड्या थांबतात. लांबची गाडी सांगली किंवा मिरजेहूनच धरायची.

आता पुराचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत ते आलं नाही, पण नळ कोरडे पडले, दूध-भाजी मिळेना. गावभागातली तीन घरं तेव्हा आमच्याकडे राहिली, हॉलभर अंथरुणं. उपनगरात येताय म्हणजे पुढच्या पुरात तुमच्याकडेही लोक येतील. एक खोली थोडी मोठी बघा, पिण्याच्या पाण्याची टाकी मोठी ठेवा. मला तर उपनगरात राहण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, की संकटात आपल्या माणसांना हक्कानं "इकडं या" म्हणता येतं. हे आईंनाही सांगून बघा. ज्यांच्यासाठी त्यांचा जीव तुटतोय, त्यांना त्या आसरा देऊ शकतील.

उपनगर म्हटलं की सगळंच उंचावर असतं, असं मात्र नाही. शामरावनगराकडचा भाग सखल आहे, माती काळी. नदी पात्रात असली तरी नुसत्या पावसानं तिथे पाणी साचतं. म्हणून जागा उन्हाळ्यात बघून ठरवू नका. जुलैअखेर या, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर त्या गल्लीतून आईंना घेऊन चालत जा. देऊळ, भाजी, औषधाचं दुकान आणि सांगली-मिरज रस्त्यावरचा बसथांबा त्यांच्या पायांना झेपतो का ते बघा. आतल्या बाजूचा फ्लॅट स्वस्त पडतो, पण मग प्रत्येक गोष्टीला मुलाच्या गाडीची वाट बघावी लागते, आणि ज्या बाईनं जन्मभर स्वतःचं स्वतः आणलं तिला ते फार लागतं. मजला दुसरा असावा, लिफ्ट बंद पडली तरी चढता येईल असा. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत नेलाय का, हे बांधणाऱ्याला विचारा आणि शेजारच्या दहा-पंधरा वर्षं जुन्या इमारतीच्या भिंतींना तडे आहेत का ते बघा. इथे पुष्कळ प्लॉट गुंठ्यागुंठ्यानं विकले गेलेत. तसा असेल तर गुंठेवारी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र, शिवाय उतारा आणि बांधकाम परवाना वकिलाला दाखवल्याशिवाय विसार देऊ नका. आणि गावभागातलं घर निदान दोन वर्षं तरी विकू नका.