वाचकांचे प्रश्न : ऊसतोड तळावरचा योगवर्ग

प्रश्न : मी अथणी तालुक्यातील एका गावात राहते आणि शाळेत योग शिकवते. दिवाळीनंतर आमच्या शिवाराला लागून बीड आणि धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) घालून राहतात. त्यांतील एका बाईची जाऊ गेल्या हंगामात ट्रॉली उलटून तिच्या डोळ्यांदेखत गेली. आजही ट्रॅक्टर जवळ आला की ती डोक्यावरची मोळी टाकून फडात पळते. परदेशांत स्थलांतरितांसाठी सामूहिक योगाचे आणि माइंडफुलनेसचे (चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचे) वर्ग चालतात, असे वाचले. तसा वर्ग येथे घ्यावा का, आणि त्यात काय शिकवावे?
— एक वाचक, अथणी

उत्तर : वर्ग जरूर घ्यावा, मात्र शाळेतली कवायत शाळेतच ठेवून यावे. आपण वर्णन केलेल्या बाईला उभा ट्रॅक्टर काही करणार नाही हे ठाऊक असतेच, परंतु धसका घेतलेले शरीर विचार सुचण्याच्या आधीच पळू लागते, आणि म्हणून नुसती समजूत घालून हे थांबत नाही. योगाचा उपयोग होतो तो येथे. आपले हातपाय, आपला श्वास आपल्या ताब्यात आहे, हा अनुभव शरीराला थोडा थोडा परत मिळू लागतो.

बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचार घेऊनही आघातोत्तर तणावाचा विकार (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा धसका) न हटलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवडे, दर आठवड्याला एक तास योग केलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणींमध्ये त्या विकाराचे निकष उरले नाहीत, तर आरोग्याच्या माहितीवर्गाला बसलेल्यांमध्ये हे प्रमाण जेमतेम पाचातली एक इतके होते. अभ्यास लहान आहे, आणि त्यात योग हा पूरक उपचार होता, औषध-समुपदेशनाची जागा घेणारा नव्हे, हे लक्षात ठेवावे.

आता तळावरची गोष्ट. पहाटे अंधारात फडात उतरलेली आणि गाडी आली तर रात्रीही मोळ्या भरणारी बाई सकाळी सहाच्या वर्गाला येणार नाही, आणि तिने येऊही नये. भाकरीला बसण्याआधीची वीस मिनिटे पुरतात. दिवसभर वाकून काम केलेल्या पाठीला आणखी वाकवणारी आसने नकोत. खांदे सैल करणे, पाय पसरून बसणे, कोपीच्या मेढीला टेकून तळपाय जमिनीवर दाबून पाहणे एवढ्यावर पहिले काही वर्ग निघावेत. ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया किती मोठ्या प्रमाणावर झाल्या आहेत, हे २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीतून पुढे आले आहे. तेव्हा कपालभाती किंवा पोटावर ताण देणारे काहीही विचारल्याशिवाय शिकवू नये, आणि ही विचारपूस चारचौघींत करू नये.

ध्यानाबाबत अधिक सावध राहावे लागेल. ‘डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या’ ही आपल्याला निरुपद्रवी वाटणारी सूचना, जिच्या मिटल्या डोळ्यांसमोर तीच ट्रॉली उभी राहते तिला असह्य होऊ शकते. ‘मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर समोरच्या चुलीकडे पाहत राहा’ असे सांगावे. श्वासाऐवजी जमिनीचा स्पर्श किंवा कानावर येणारे आवाज दिले तरी चालते. मागून जाऊन कोणाची पाठ हाताने सरळ करू नये. झाले ते सांगा, असा आग्रह तर मुळीच नको. ती सांगू लागली तर ऐकावे. रडू आले तर ‘येऊ दे बाहेर’ म्हणून उत्तेजन देण्यापेक्षा तिला उठून बाहेर जाता येईल अशी वाट मोकळी ठेवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

एक गोष्ट आसनांच्या पुस्तकात सापडणार नाही. परवानगी टोळी कामाला आणणाऱ्या मुकादमाकडून घ्यावी लागेल, पण बायकांना बोलावण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये आणि वर्गात त्याला उभे राहू देऊ नये. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली बाई मुकादमाला नाही म्हणू शकत नाही, आणि न येण्याची मोकळीक नसलेला वर्ग या कामाला निरुपयोगी आहे. फोटोही काढू नयेत, मग कारखान्याच्या कोणी कितीही मागोत. त्याऐवजी ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावून घ्या, म्हणून त्याच मंडळींच्या मागे लागावे. तेही मी याच वर्गाचे काम समजतो.

आपण सांगितलेली बाई वर्गाच्या पलीकडची आहे. महिना उलटल्यावरही दचकणे, वाईट स्वप्ने आणि टाळाटाळ चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. आपल्या भागाला धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे कानावर आले तर त्याच दिवशी हालचाल करावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालतो आणि देशात कोठूनही लागतो, त्यामुळे पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, टोळी गावी परतली तरी तो तिच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी भाची टोरांटोमध्ये असते. युद्धामुळे देश सोडून आलेल्या स्त्रियांना तिने ओंकार आणि सूर्यनमस्कार शिकवावेत, अशी माझी इच्छा आहे. ती मात्र नको म्हणते.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : भाचीचे बरोबर आहे. त्या स्त्रिया वेगवेगळ्या धर्मांच्या असतील, आणि अनोळखी देशात अनोळखी मंत्र सर्वांबरोबर म्हणावा लागणे काहींना दडपण वाटेल. सूर्यनमस्काराची लयही थकलेल्या, झोप उडालेल्या माणसाला सुरुवातीस झेपत नाही. तिला शिकवायचेच असेल तर खुर्चीत बसून करण्याजोगे प्रकार शिकवावेत, खोलीचे दार सर्वांना दिसेल अशी बैठक मांडावी आणि त्यांच्या भाषेची दुभाषी स्त्री सोबत घ्यावी. ओंकार आपण घरी अवश्य करावा.