केस लवकर पिकतायत, खाण्यात काही कमी पडतंय का?

प्रश्न: ताई, माझं वय २३. दोन वर्षांपासून कानशिलाजवळ पांढरे केस दिसतायत, आधी चार-पाच होते आता मोजायचं सोडून दिलं. मैत्रिणीने सांगितलं म्हणून चार महिने बायोटिन (बी-७ व्हिटॅमिन) घेतेय, काही फरक नाही. बाबांचे केस पण तिशीत पिकले होते. मी शाकाहारी आहे, दूध लहानपणापासून आवडत नाही. हल्ली थकवा येतो आणि रात्री पायाला मुंग्या येतात, पण त्याचा केसांशी काय संबंध असणार. कुठलं व्हिटॅमिन घेऊ?

उत्तर: अगं तू केसांबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि खरी महत्त्वाची गोष्ट शेवटी "काय संबंध असणार" म्हणून टाकून दिलीस! संबंध असू शकतो, आणि केस राहू देत बाजूला, मुंग्यांसाठी तरी या आठवड्यात डॉक्टरकडे जा.

शाकाहारी, दूध नाही, थकवा, पायाला मुंग्या, केस पिकतायत, हे सगळं एका माणसात दिसलं की पहिला संशय बी-१२ वर जातो. हे व्हिटॅमिन नैसर्गिकरीत्या फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, दही, चीज. गरज अगदी चिमूटभर, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम, पण तेवढंही कुठूनच येत नसेल तर लिव्हरमधला साठा हळूहळू संपतो, त्याला काही वर्षं लागतात म्हणून माणूस गाफील राहतो. स्पिरुलिनात किंवा समुद्री शेवाळात बी-१२ असतं असं कोणी सांगेल, त्यात जे असतं ते बहुतेक शरीराला न चालणारं, दिसायला तसंच पण कामाचं नाही.

रक्त तपासताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड एवढं डॉक्टरांना विचारून करून घे. बी-१२ मिलिलीटरमागे साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं की कमतरता धरतात, त्याच्या थोडं वर असेल आणि त्रास असेल तरी डॉक्टर पुढची टेस्ट सांगू शकतात. आणि हो, बायोटिन घेतेयस ते तिथे नक्की सांग. जास्त डोसचं बायोटिन थायरॉइडच्या काही टेस्टचे आकडे चुकवतं, आजार नसताना आजार दिसतो नाहीतर असलेला लपतो, म्हणून टेस्टच्या आधी दोनेक दिवस तरी बंद ठेवायला सांगतात. (बायोटिनवर माझा जुना राग आहे, ज्याची कमतरता क्वचितच कोणाला होते ते सगळ्यात जास्त विकलं जातं.)

रिपोर्ट यायच्या आधी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

आता केस परत काळे होतील का. बी-१२ हेच कारण असेल तर काहींचे होतात, परनिशस अ‍ॅनिमियात, म्हणजे जिथे पोटाला बी-१२ शोषताच येत नाही आणि इंजेक्शन द्यावी लागतात, तिथे उपचारानंतर केसांचा रंग परत आल्याचं डॉक्टरांनी पाहिलंय. पण बाहेर आलेला पांढरा केस पांढराच राहणार, रंग केसाच्या मुळाशी भरला जातो आणि केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे आरशात फरक दिसायला कित्येक महिने लागतील. आणि बाबांचे तिशीत पिकले हे विसरू नकोस. लवकर केस पिकण्याचं सगळ्यात मोठं कारण घराणं हेच. माझे स्वतःचे २९ व्या वर्षी पिकायला लागले, सगळे रिपोर्ट छान होते, आईकडून आलेलं, काय करणार.

प्रश्न: वय ३१, पुरुष. प्रतिकारशक्तीसाठी दोनेक वर्षं रोज झिंक घेतोय. झिंक केसांना चांगलं म्हणतात, तरी माझे केस गेल्या वर्षभरात झपाट्याने पांढरे झाले. डोस वाढवू का?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही! आधी डबीवर मागे बारीक अक्षरात "एलिमेंटल झिंक" किती लिहिलंय ते बघा. ५० मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेट म्हणजे खरं झिंक फक्त ७ मिलिग्रॅमच्या आसपास, ते ठीक आहे. पण एलिमेंटलच ५० असेल तर मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा ४० आहे, आणि तुम्ही दोन वर्षं घेताय.

यात मार खातं ते तांबं, म्हणजे कॉपर. झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन बनवतात, ते कॉपरला धरून ठेवतं आणि त्या पेशी झडल्या की कॉपरही त्यांच्याबरोबर बाहेर. केसाला रंग देणारं मेलॅनिन ज्या एन्झाइममुळे तयार होतं त्या टायरोसिनेजला कॉपर लागतं, ते नसेल तर कारखाना उभा पण मशीन बंद. कॉपर फार कमी झालं तर अ‍ॅनिमिया होतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, चालताना तोल जातो, हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखं, म्हणून नुसता केसांचा विषय समजू नका. तुमचे केस याचमुळे पिकले असं मी इथे बसून सांगू शकत नाही. झिंक थांबवा, डॉक्टरांना डबी नेऊन दाखवा. कॉपरची गोळी मात्र स्वतःहून आणू नका, एकीचं झालं आता दुसरीचं नको. सुकामेवा, तीळ, डाळी, मशरूम यात कॉपर असतं, दिवसाला एक मिलिग्रॅमही लागत नाही.

अ‍ॅसिडिटीच्या किंवा डायबिटीसच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर तेही सांगा, ओमेप्राझोल आणि मेटफॉर्मिन दोन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं. आणि सिगरेट ओढत असाल तर, तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारते, लवकर केस पिकण्याशी तिचा संबंध बऱ्याचदा आढळलाय.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा, डोक्याच्या पुढच्या भागात एकाच जागी पांढरी बट आलीये, बाकी केस काळेभोर. प्रोटीन पावडर देऊ का?

उत्तर: एकाच जागची बट खाण्यामुळे येत नाही. खाणं कमी पडलं तर परिणाम सगळ्या डोक्यावर दिसतो, गंभीर कुपोषण झालेल्या मुलांमध्ये तर एकाच केसावर फिके-गडद पट्टे दिसतात, उपाशी दिवसांचा फिका आणि बऱ्या दिवसांचा गडद. तुमच्या मुलाला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, बटेखालची त्वचाही पांढरी आहे का ते बघतील, कोडाची सुरुवात कधीकधी अशी होते. पावडर नको.

प्रश्न: कॅल्शियम पँटोथेनेटने पांढरे केस काळे होतात असं सगळे म्हणतात. खरंय का?

उत्तर: उंदरांचे झाले. खरंच, पँटोथेनिक अ‍ॅसिड म्हणजे बी-५ खाण्यातून काढून घेतलं की काळ्या उंदरांचे केस करडे व्हायचे आणि परत दिलं की सुधारायचे, तिथून ही गोष्ट निघाली. माणसात बी-५ ची कमतरता फारच दुर्मिळ, जवळपास सगळ्याच अन्नात ते असतं, आणि पोट भरलेल्या माणसाला आणखी देऊन केस काळे झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

प्रश्न: फेरिटिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्यात. चहाबरोबर घेतल्या तर चालतील? आणि एक पांढरा केस उपटला की दहा येतात का?

उत्तर: चहा-कॉफीने लोह नीट शोषलं जात नाही, तास-दोन तासांचं अंतर ठेवा. दहा येत नाहीत, एका मुळातून तोच एक येतो आणि तोही पांढराच. पण सारखं सारखं उपटून मूळ दुखावलं तर तिथे केस येणंच बंद होऊ शकतं, फारच खुपत असेल तर छोट्या कात्रीने मुळाशी कापून टाका.